पिकअप किती टनाची? आधी रिकामी तोलून बघा

आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. भाच्याला नवीन पिकअप घ्यायचीय आणि जो भेटेल तो त्याला वेगळाच आकडा सांगतो. शोरूममधला म्हणतो दीड टन, सियागंजातला ट्रान्सपोर्टवाला म्हणतो अहो अडीच टन आरामात जातं, आणि ड्रायव्हर म्हणतो पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवून घ्या मग तीन टन टाका काही होत नाही. तिघंही एकाच गाडीबद्दल बोलतायत बरं का. आमचं इंदूरात फर्शी-टाइल्सचं दुकान, हिशोब आणि डिलिव्हरी मी बघते, त्यामुळे वजनकाट्याच्या पावत्या, आरसी, भाडं हे सगळं रोज माझ्याच हातातून जातं, आणि भाचा म्हणाला की मावशी तूच एकदा सगळं नीट लिहून दे. म्हणून हे लांबलचक लिहितेय, कारण आपल्याकडे गाडी घेताना ॲव्हरेज विचारतात, हप्ता विचारतात, रंगसुद्धा विचारतात, पण आरसीवरचे वजनाचे दोन आकडे कोणी वाचत नाही, आणि त्या गाडीवर रोज आपलाच माणूस बसणार असतो.

तर ते दोन आकडे. एक रिकाम्या गाडीचं वजन, अनलेडन वेट. दुसरं ग्रॉस व्हेइकल वेट म्हणजे जीव्हीडब्ल्यू, जुन्या कागदांवर त्याला आरएलडब्ल्यू लिहिलेलं असायचं. जीव्हीडब्ल्यू म्हणजे गाडी, माल, माणसं, डिझेल, दोर, ताडपत्री, जे काही त्या चार चाकांवर उभं आहे त्या सगळ्याचं मिळून जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन. पक्का आकडा हा एकच. पेलोड नावाचं जे आपण म्हणतो ते या आकड्यातून बाकी सगळं वजा करून उरलेलं असतं, पगारातून हप्ता-पीएफ-टॅक्स कापून हातात येते ना रक्कम, तसं. जाहिरातीत छापतात ते कापाकापी व्हायच्या आधीचं.

उदाहरण घेऊ, आकडे सोपे धरते. समजा गाडीचं जीव्हीडब्ल्यू २,९५० किलो आणि कंपनीने रिकामं वजन दिलंय १,४५०, म्हणजे छापील पेलोड १,५०० किलो, दीड टन, शोरूमवाला खोटं बोलत नाहीये. आता गाडी घेतल्यावर आपण काय करतो, तर डाल्याला, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाला, आतून जाड पत्रा मारतो, बाजूंना लोखंडी जाळी चढवतो, केबिनवर कॅरिअर लावतो, मागे जाडजूड बंपर. वेल्डिंगवाला वजनाचं काही सांगत नाही, तो फुटावर पैसे घेतो. हे धरा १८० किलो. ड्रायव्हर आणि एक हमाल मिळून १४० किलो, कारण मोटार वाहन कायद्यात अनलेडन वेटची जी व्याख्या आहे त्यात ड्रायव्हर आणि अटेंडंट धरलेले नाहीत, ते मालाच्याच बाजूला जातात. दोर, ताडपत्री, जॅक, पान्हे, खाली घालायच्या लाकडी पट्ट्या, पाण्याचा कॅन, असं करत करत ४० किलो. झाले ३६०. राहिले १,१४०. दीड टनाची गाडी सव्वा टनाचीसुद्धा राहिली नाही आणि अजून एक फर्शी चढलेली नाही.

सीएनजी घेतली तर आणखी फरक पडतो कारण सिलिंडर जड असतात. मारुती सुपर कॅरीचंच बघा, पेट्रोलवाल्याचं पेलोड ७४० किलो आणि सीएनजीवाल्याचं ६२५. इंधनात पैसे वाचतात हे खरं आहे, पण फेरीमागे शंभराच्या वर किलो गेले हेही त्याच हिशोबात धरायला पाहिजे, आणि ज्याचा माल हलका आहे त्याला त्याचं काहीच वाटणार नाही, ज्याचा जड आहे त्याला रोज वाटेल.

आता माल. यात लोक सगळ्यात जास्त फसतात कारण डोळा जागा बघतो, वजन बघत नाही. कोटा स्टोन एक इंच जाडीचा असेल तर एका स्क्वेअर फुटाला सहा किलोच्या आसपास बसतो. म्हणजे आपल्या वरच्या गाडीत जेमतेम १९० स्क्वेअर फूट. आठ बाय साडेपाच फुटाच्या डाल्यात ही फर्शी आडवी रचली तर पाच थरसुद्धा पुरते होत नाहीत, वीतभर उंचीही येत नाही, आणि गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं राहून म्हणतं, अहो भिया, गाडी तर रिकामीच दिसतेय, अजून शंभर फूट टाका ना, दुसऱ्या फेरीचं भाडं कशाला. शंभर फूट म्हणजे सहाशे किलो! ग्रॅनाइट अठरा मिलिमीटरचं असेल तर फुटाला साधारण साडेचार किलो. दोन बाय दोनच्या टाइल्सची पेटी २८-३० किलो, म्हणजे ३८ पेट्या झाल्या की बास. सिमेंटच्या गोण्या २२. हे आकडे मी दुकानात काउंटरच्या मागे मोठ्या अक्षरांत लावून ठेवलेत, कारण माल भरताना हमालाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीकडे बोट दाखवणं बरं पडतं.

रेतीचं तर विचारूच नका. त्याच डाल्याला दीड फुटाच्या फळ्या आहेत असं धरलं तर ६६ घनफूट जागा होते आणि काठोकाठ कोरडी रेती भरली तर ती तीन टनाच्या आसपास जाते. ओली असेल तर आणखी वर. म्हणजे डाला भरला की गाडी भरली हा हिशोब रेतीला लावला तर गाडीवर अडीचपट माल चढतो. उलट पोहे, मुरमुरे, फोमच्या गाद्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, यांना डाला आधी संपतो आणि वजन शिल्लक राहतं. म्हणून ज्याचा नमकीनचा धंदा आहे त्याने लांब डाल्याची गाडी बघावी आणि आमच्यासारख्याने डाला लहान असला तरी चालेल पण जीव्हीडब्ल्यू आणि रिकामं वजन यांतला फरक मोठा आहे ना ते बघावं. एकाच किमतीत दोन्ही मिळतात, फक्त विचारावं लागतं.

आता पाट्यांबद्दल, कारण यावर माझं सगळ्यांशी भांडण होतं. पाटे वाढवले, मागे एक्स्ट्रा पट्टी टाकली की गाडी खाली बसत नाही हे अगदी खरं. पण गाडी बसत नाही म्हणजे ती वजन पेलतेय असं नाही होत. जीव्हीडब्ल्यू ठरतं ते पाटे, ॲक्सल, बेअरिंग, टायर, रिम, ब्रेक, चेसिस हे सगळं एकत्र बघून, आणि त्यातला जो सगळ्यात कमजोर असेल तिथे आकडा थांबतो. तुम्ही पाटे बदलले, बाकी सहा गोष्टी तशाच राहिल्या. आणि आधी निदान गाडी बसलेली दिसायची म्हणून ड्रायव्हर घाबरून हळू चालवायचा, आता ती ताठ उभी दिसते आणि तो तिला तशीच पळवतो. मला हे फार धोक्याचं वाटतं. ब्रेकची चाचणी होते तीसुद्धा गाडी तिच्या जीव्हीडब्ल्यूएवढी भरून होते, त्याच्या वर भरलेली गाडी किती अंतरात थांबेल याची हमी कोणीच घेतलेली नाहीये. आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा तो मोठा लंबगोल हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, तिथल्या ट्रॅकवर गाड्यांच्या असल्याच चाचण्या होतात, आणि तिथून तासाभराच्या अंतरावर आपण पाटेवाल्याकडे जाऊन तो आकडा बदलून घेतला असं समजतो.

टायरवर पण आकडा लिहिलेला असतो, साइजच्या पुढे, लोड इंडेक्स. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे १,१२०. मागे एकेकच टायर असेल आणि इंडेक्स १०६ असेल तर मागच्या दोन्ही टायरांवर मिळून १,९०० किलो, आणि तेही पूर्ण हवा असताना. त्यात रिकाम्या गाडीचं मागचं वजनही आलं. समजा ते सहाशे-सातशे किलो आहे, मग मालासाठी बाराशे-तेराशे राहिले. टायर बदलताना दुकानदार त्याच मापाचा पण कमी इंडेक्सचा स्वस्त टायर देतो आणि आपण माप जुळलं म्हणून घेतो. उन्हाळ्यात, मे महिन्यात, कमी हवेचा टायर जास्त वजनाखाली किती तापतो ते गाडी उभी केल्यावर जवळ हात नेला तरी कळतं. टायर घेताना माप बघताय तसा इंडेक्सही बघा एवढंच.

आणि माल ठेवायचा कुठे, हाही वजनाचाच भाग आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर धरा. हजार किलो माल असा ठेवला की त्याचा मध्य मागच्या ॲक्सलच्या तीस सेंटिमीटर पुढे येतो, तर शंभर किलो पुढच्या ॲक्सलवर जातात आणि नऊशे मागे. तोच माल मागच्या फळीकडे सरकवला, मध्य ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे गेला, तर मागच्या ॲक्सलवर १,१६७ किलो पडतात. माल हजार आणि भार अकराशे सदुसष्ट कसा? कारण पुढचे १६७ किलो उचलले गेले, गाडी पुढून हलकी झाली. स्टिअरिंग हलकं वाटायला लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं धरत नाहीत. एकूण वजन जीव्हीडब्ल्यूच्या आत, काट्याची पावती एकदम स्वच्छ, आणि मागचा ॲक्सल ओव्हरलोड. लांब पाइप, सळ्या, किंवा उतरवायला सोपं म्हणून फर्शी फळीजवळ रचणं, यात हे हमखास होतं. आमच्याकडे फर्शी केबिनच्या भिंतीला टेकवून रचायला सुरुवात करायची असा नियमच आहे, उतरवायला दहा मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

हे सगळं शहरात एकवेळ निभतं, सपाट रस्ता, ट्रॅफिक, वेग नाही. पण आमचा माल मानपूरच्या पुढे उतरून धामनोद-खलघाटकडेही जातो आणि त्या रस्त्यावरचा गणेश घाट इंदूरच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. ब्रेक फेल होऊन तिथे किती गाड्या एकमेकांवर गेल्यात ते आपल्याकडच्या पेपरात वर्षानुवर्षं वाचतोय, शेवटी उतरायला वेगळा रस्ता काढावा लागला. उताराचं गणित सरळ आहे, गाडी जेवढी खाली उतरते तेवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी आणि ती ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जाते. तीन टनाची गाडी चार टनाची केली की त्याच उतारावर ब्रेकला एक तृतीयांश जास्त उष्णता पचवायची असते, ड्रम तेवढाच, लायनर तेवढंच. तापलं की ब्रेकची पकड कमी होते, ड्रायव्हर अजून दाबतो, अजून तापतं. खालच्या गिअरमध्ये उतरा हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण मुळात जास्तीचा टन वर चढवलाच नाही तर त्या गिअरवर एवढा भरवसा ठेवायची वेळ येत नाही.

आता गाड्यांचे वर्ग, कारण लोक हे आणि पेलोड एकत्र करून टाकतात. आपल्याकडे मालवाहू गाड्यांना एन वर्ग आहे, साडेतीन टनापर्यंत जीव्हीडब्ल्यू असेल तर एन-१, त्याच्या वर बारा टनापर्यंत एन-२, बाराच्या वर एन-३. टाटा एस, दोस्त, इंट्रा, बोलेरो पिकअप, आपण ज्यांना पिकअप किंवा छोटा हत्ती म्हणतो त्यातल्या बहुतेक एन-१ मध्ये येतात. पाऊण टनाची टाटा एस २००५ साली आली आणि दोन टन पेलोड सांगणारी योद्धा २.० आली २०२२ मध्ये, म्हणजे गल्लीत शिरणाऱ्या गाड्यांमध्येच पेलोड पाऊण टनाच्याही खालपासून दोन टनांपर्यंत पसरलेलं आहे. लायसनची रेषा मात्र वेगळी, ती ७,५०० किलोवर आहे. तिथपर्यंतचं ग्रॉस वजन म्हणजे लाइट मोटर व्हेइकल, आणि एलएमव्ही लायसनवर तेवढ्या वजनाची मालवाहू गाडी चालवता येते की नाही यावर विमा कंपन्यांचे वर्षानुवर्षं खटले चालले, शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने चालवता येते असं सांगितलं. पण एलएमव्हीत बसते म्हणून साडेसात टनांपर्यंत कितीही भरा असा त्याचा अर्थ होत नाही, आणि मी खरंच हे वाक्य चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. वर्ग सांगतो की कुठले नियम लागतील. किती भरायचं ते त्या एका गाडीची आरसी सांगते.

दंडाचं सांगते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,००० रुपये आहेत, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत आणि उतरवायचा खर्च आपला. वजन करायला गाडी थांबवली नाही तर ४०,०००. एक फेरी वाचवून जे वाचतं त्याच्या पुढे हे बघा.

माझा धाकटा दीर टेक्सासात असतो, त्याने मागच्या वर्षी पिकअप घेतली आणि फोनवर सांगत होता, वहिनी, हाफ टन ट्रक आहे. मला वाटलं आपल्या छोट्या हत्तीपेक्षा लहान असेल, फोटो बघितला तर एवढी मोठी गाडी! तिकडे हाफ टन, थ्री-क्वार्टर टन, वन टन ही जुनी नावं चालत आलीयत, कधीकाळी ती खरोखर पेलोडची होती, अमेरिकन अर्धा टन म्हणजे हजार पौंड, ४५४ किलो. आता फोर्डच्या एफ-१५० सारख्या हाफ टनवाल्या गाड्या त्याहून बऱ्याच जास्त पेलतात, नाव तेच राहिलं. सरकारी वर्ग तिकडे पौंडांत आहेत, एक ते आठ. ६,००० पौंडांपर्यंत वर्ग एक, १०,००० पर्यंत दोन, १४,००० पर्यंत तीन, असं करत ३३,००० च्या वर आठ, आणि सगळे जीव्हीडब्ल्यूआरवर, म्हणजे आपल्या ग्रॉसवरच. व्यावसायिक लायसन लागतं २६,००१ पौंडांपासून, आपल्या हिशोबाने पावणेबारा टनाच्या वर. गंमत म्हणजे एफ-४५० पिकअप म्हणून घेतली तर ती वर्ग तीनमध्ये आणि नुसतं केबिन-चेसिस घेतलं तर वर्ग चारमध्ये. काही मोठ्या पिकअपना तर कागदावर जीव्हीडब्ल्यूआर कमी करून १०,००० पौंडांतच ठेवायचा पर्यायही कंपनी देते, नोंदणीचे नियम सोपे जावेत म्हणून, गाडी तीच, लोखंड तेच.

त्यांच्याकडची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं आणि त्यावर सरळ लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या वर जाऊ देऊ नका, आणि तो आकडा त्या गाडीचा, तिच्यात कारखान्यात जे जे बसवलंय ते धरून. दिराला म्हटलं वाचून दाखव. १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. घरातली पाच माणसं बसली, ऐंशी किलोची धरली तर चारशे किलो तिथेच गेले. मागे ट्रेलर लावला तर त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकवर येतो आणि तोही पेलोडमध्येच मोजतात. त्याला पाच हजार पौंड वजनाचा कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचा होता, म्हणजे हुकवर २२७ ते ३४० किलो, आणि शिल्लक होते २८०. ट्रेलरचं सामान जरा पुढे भरलं की गेला आकडा वर. जाहिरातीत म्हणे ती गाडी दहा हजार पौंडांच्या वर ओढते. ओढेल हो, पण पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन? त्याने हल्ली लहान ट्रेलर बघायला सुरुवात केलीय.

आपल्याकडे असं स्टिकर नसतं, तर आपण बनवायचं. गाडी घेतल्यावर, डाला-जाळीचं सगळं काम झाल्यावर, टाकी फुल करून, ड्रायव्हर आणि हमाल बसवून, दोर-ताडपत्री-जॅक सगळं घेऊन धरमकाट्यावर जायचं, देवास नाक्याकडे, लोहामंडीत, कुठेही. आधी पूर्ण गाडी तोलायची. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोलायची, ते वजा केलं की मागचं आलं. काटेवाला सुरुवातीला कुरकुर करतो, पैसे दुसऱ्या पावतीचे दिले की करतो. मोठ्या काट्याला पाच-दहा किलो इकडेतिकडे होतं, चालतं. जीव्हीडब्ल्यूमधून पहिला आकडा वजा करायचा आणि येईल तो ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून टाकायचा, किलोत आणि त्याच्याखाली गोण्यांत किंवा पेट्यांत, म्हणजे भर उन्हात घाई असताना कोणाला गुणाकार करायला लागू नये. मग माल भरून एकदा परत तसंच दोन भागांत तोलायचं, म्हणजे रचायची पद्धत बरोबर आहे की नाही ते कळतं. कंपनीने प्लेटवर पुढच्या-मागच्या ॲक्सलची मर्यादा दिली असेल तर ती शेजारी लिहायची.

आणि ड्रायव्हरला स्पष्ट सांगायचं की या आकड्याच्या वर कोणी भरायला लावलं, अगदी मालकाने लावलं, तरी नाही म्हणायचं आणि त्याचा पगार कापला जाणार नाही. हे सांगणं मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण घाटात स्टिअरिंगवर तो असतो, आपण दुकानात पंख्याखाली असतो.

भाच्यासाठी आता दोन गाड्या नक्की केल्यात. छापील पेलोड दोघींचं सारखंच आहे. त्याला सांगितलंय की दोन्हीकडे जाऊन आरसीवर येणारे दोन्ही आकडे लेखी मागून घे, टायरचा इंडेक्स वाचून ये, आणि बॉडी कंपनीची मिळते की बाहेर बनवावी लागते ते विचार. ज्या गाडीत कंपनीच्याच डाल्याने काम भागतं, जाळी-कॅरिअर लागत नाही, ती वीस-पंचवीस हजारांनी महाग पडली तरी घे म्हटलंय, कारण ते दीडशे-दोनशे किलो आपल्याला प्रत्येक फेरीला परत मिळतात, म्हणजे फर्शीच्या भाषेत पंचवीस-तीस फूट, रोज.